भोपळ्यातली मेणबत्ती

मॅरीबेथ,

घाबरू नकोस. ओडेटच्या पोटरीला भाजलंय, तळहाताएवढं. नर्सने फोनवर सांगितलं म्हणून वीस मिनिटं पाय नळाच्या गार पाण्याखाली धरलाय. शेजारचा वेंडेल तिच्याजवळ बसलाय, तेवढ्यात लिहिते. मग त्याच्याच गाडीने नदीपलीकडच्या हॉस्पिटलात नेतो. कारखान्यात तुझा फोन बंद असतो, म्हणून ही चिठ्ठी.

चूक माझी आहे. तू सकाळी दोनदा बजावलंस, "आई, भोपळ्यात बॅटरीचा दिवा ठेव, आणि तिचा झगा घोट्यापर्यंत आखूड कर." मी तुलाच हसले. म्हटलं, "चेटकिणीचा झगा लोळायलाच हवा, आणि बॅटरीला कुठलं भूत भितं?" हॅलोविनच्या रात्री भुतं पळावीत म्हणून पायरीवरच्या कोरलेल्या भोपळ्यात मेणबत्तीच लावली. पोरं खाऊ मागायला निघाली, ओडेट मला हात करायला वळली आणि झग्याने पेट घेतला. मी पायपुसणं टाकून विझवला.

आत्ता ती माझ्या कानात म्हणाली, "आजी, आईला सांगू, मीच शेगडीजवळ गेले होते." सात वर्षांचं पोर, स्वतःचा पाय भाजलेला असताना मला वाचवायला बघतंय. मी नको म्हटलं.

मला काय बोलायचं ते बोल. आधी तिला जवळ घे.

आई