बंद भट्टीच्या नावापुढे शून्य लिहिण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य संकलन अधिकारी,
उद्योग उत्पादन नोंद कक्ष,
बेळगाव.

अर्जदार : गुंडू मष्णू बस्तवाडकर, वय ६८, राहणार कंग्राळी, ता. जि. बेळगाव.

विषय : दि. ३१ मार्च २०२१ रोजी कायमची बंद झालेली अर्जदाराची फाउंड्री आपल्या तक्त्यात आजही चालू व वाढती दाखवली जात असल्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज (उत्तर नाही). २) आपल्या कक्षाचे अभिनंदनपत्र, दि. १६ जानेवारी २०२६. ३) बालसंगोपन परवाना शाखेचे नकारपत्र, दि. ९ एप्रिल २०२६.

महोदय,

१. हा अर्ज मराठीत आहे. कन्नड प्रत सोबत जोडली आहे. तिसरा अर्ज भाषेच्या कारणावरून परत आला होता. या वेळी ते कारण उरलेले नाही, दुसरे शोधावे लागेल.

२. अर्जदाराने सन १९८८ मध्ये कंग्राळी येथे स्वतःच्या जागेत ओतकामाची फाउंड्री सुरू केली. गुऱ्हाळाच्या चरकाची चाके आणि पाण्याच्या पंपांच्या बॉड्या हा तेथील मुख्य माल. आपल्या कक्षाने ही फाउंड्री मासिक उत्पादन नोंदीसाठी निवडली, तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत अर्जदाराचा फॉर्म आपल्याकडे पोचत आला आहे. अर्जदाराचे लग्न, पत्नीची दोन बाळंतपणे, वडिलांचे निधन आणि एक अपघात एवढे या काळात झाले. फॉर्म चुकला नाही.

३. वजनाबाबत अर्जदाराचा नियम कडक होता. ओतलेले सगळे लोखंड म्हणजे उत्पादन नव्हे. साचा फोडून, माल घासून, पोकळ आणि चिरलेला बाजूला काढून जे उरेल तेच काट्यावर चढवायचे आणि संध्याकाळी फळ्यावर लिहायचे. साचे घडवणाऱ्यांचा प्रमुख, हेड मोल्डर भीमाप्पा कोलकार यावरून अर्जदाराची चेष्टा करत असे. "अण्णा, काट्यावर माशी बसली तर ती उठंपर्यंत तुमी आकडा लिवत न्हाय," हे त्याचे म्हणणे. ते खरे होते. देशाचे उत्पादन किती वाढले, किती घटले, याची जी रेघ वर्तमानपत्रात छापून येते, तिच्यात आपलाही एक ठिपका आहे अशी अर्जदाराची समजूत होती. ठिपका खोटा पडला तर रेघ वाकडी जाईल, म्हणून अर्जदार माशी उठायची वाट पाहत असे.

४. त्या फळ्यावरची हकीकत अशी. १९८८ साली महिन्याला सहा टन. १९९७ साली चोवीस. २००८ साली बेचाळीस, हा सर्वांत वरचा आकडा. पुढच्याच वर्षी एकोणीस. नंतर पंपांच्या कामावर पुन्हा सत्तावीसपर्यंत चढ, आणि मग पायरी पायरीने उतार. गुऱ्हाळे कमी झाली तशी चाकांची मागणी गेली. पंपवाल्यांना बाहेरून तयार बॉडी मिळू लागली. एप्रिल आणि मे २०२० मध्ये शून्य. मार्च २०२१ मध्ये चार टन. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी अर्जदाराने फळा पुसला, कामावरच्या चौदा माणसांना जेवू घातले आणि कुलूप लावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भट्टी कापून भंगारात गेली. फाउंड्री बंद पडली म्हणून हा अर्ज नाही. असे अनेकांचे झाले, त्यात अर्जदाराचे वेगळे काही नाही. तक्रार पुढे आहे.

५. बंद झाल्याचे पत्र अर्जदाराने पहिल्याच आठवड्यात दिले. आपल्या कक्षाने कळवले की नाव वगळण्याचा आदेश येईपर्यंत फॉर्म भरत राहावा. अर्जदार भरत राहिला. एप्रिल २०२१ ते एप्रिल २०२६ या काळात एकूण एकसष्ट फॉर्म गेले. त्यांपैकी छप्पन्न फॉर्मांत उत्पादन शून्य लिहिले आहे. उरलेल्या पाचांत शून्य नाही. सगळा घोटाळा त्या पाचांचा आहे आणि त्याचा खुलासा अर्जदार स्वतःहून करतो.

६. ओतकाम करणाऱ्यांत खंडेनवमीला भट्टी थंड ठेवत नाहीत. शस्त्राची पूजा तशी आमची आगीची पूजा. फाउंड्री बंद झाली त्या वर्षी ऑक्टोबरात, नवमीच्या सकाळी भीमाप्पा आणि आणखी तिघे अर्जदाराच्या दारात उभे राहिले. प्रत्येकाच्या हातात घरातला एकेक मोडका लोखंडी तुकडा होता. "अण्णा, सा म्हैनं हात थंड ऱ्हायला. आज तरी पेटवूया की," भीमाप्पा म्हणाला. भट्टी नव्हती. अंगणात खड्डा खणला, कोळसा भरला, भाता लावला, मुशीत लोखंड वितळवले आणि दिव्याची एक बैठक ओतली. वजन अकरा किलो. पुढच्या वर्षी सहा माणसे आली, चौदा किलो. मग अठरा, मग तेवीस. गेल्या ऑक्टोबरात चौदाच्या चौदा जण आले आणि एकोणतीस किलोची फाटकाची जाळी ओतली.

७. अर्जदाराने हे त्या त्या महिन्याच्या फॉर्मात लिहिले. ओतले होते, म्हणून लिहिले. सून पूर्णिमा हिने पहिल्याच वर्षी हटकले होते. "मामंजी, अंगणातली पूजा सरकारला कशाला कळवताय? देवाला कळली तेवढं पुरे." अर्जदाराने ऐकले नाही. फॉर्मात टनांचा रकाना असल्याने ०.०११ टन असा आकडा घातला. ही अर्जदाराची चूक असेल तर ती अर्जदार मान्य करतो. बत्तीस वर्षे खरे लिहिण्याची सवय होती, तेहेतिसाव्या वर्षी सुटली नाही.

८. आपल्या कक्षात त्या आकड्याचे काय झाले, हे अर्जदाराला मेज क्र. ३ वरील कर्मचाऱ्यांनी गेल्या आठवड्यात संगणकावर दाखवले. अकरा किलोचे अकरा टन झाले आहेत. इतका बारीक आकडा टाइप करताना चुकला असणार, असे धरून कोणीतरी तो सुधारला. चौदाचे चौदा टन, अठराचे अठरा, तेवीसचे तेवीस, एकोणतीसचे एकोणतीस. आणि छप्पन्न शून्यांपुढे "माहिती प्राप्त नाही" असा शेरा आहे. माहिती न देणाऱ्या कारखान्याचा आकडा कलावरून अंदाजाने भरतात. कल वाढता, म्हणून अंदाजही वाढता. ज्या महिन्यांत अर्जदाराच्या शेडमध्ये उंदीरसुद्धा फिरकला नाही, त्या महिन्यांत तेथे वीस-पंचवीस टन माल निघाला आहे. मार्चपासून आकडा एकतीस टन आहे.

९. पाच वर्षांत प्रत्यक्ष ओतले पंचाण्णव किलो. आपल्या तक्त्यात बसले एक हजार एकशे सत्तावन्न टन. हे लोखंड कोठे आहे? कोणी विकले? कोणत्या ट्रकने गेले? अर्जदाराने चौदा माणसांना हाताशी धरून, घाम गाळून महिन्याला एकतीस टनांचा जो आकडा २००८ नंतर पुन्हा गाठला नाही, तो आपल्या कक्षाने कुलूपबंद शेडमधून, एकाही माणसाशिवाय गाठला आहे.

१०. अर्जदाराने शून्य न घेण्याचे कारण विचारले. उत्तर मिळाले, "अण्णा, मशीन शून्य घेत न्हाय बघा. चालू युनिटला शून्य आलं की लाल होतंय." अर्जदाराने एप्रिल-मे २०२० ची नोंद उघडायला लावली. तेथे दोन शून्ये स्वच्छ बसलेली होती. "तवा वरनं आदेश हुता. तवा सगळ्यांचंच शून्य हुतं," असे सांगण्यात आले. म्हणजे सगळा देश थांबला तर शून्य चालते. एकट्या माणसाचे थांबले तर ते लाल होते. वरून आदेश येईपर्यंत कंग्राळीतल्या माणसाने बंद पडायचे नाही, असा नियम असल्यास त्याची प्रत मिळावी.

११. जानेवारीत आपल्या सहीचे अभिनंदनपत्र आले. "सलग पाच वर्षे सातत्यपूर्ण उत्पादनवाढ" असे त्यात छापले आहे. पोस्टमनने ते शेडच्या गंजलेल्या कडीत खोचून ठेवले होते, कारण आत घ्यायला कोणी नव्हते. भीमाप्पाने ते वाचून घेतले आणि म्हणाला, "अण्णा, आमाला न बोलावता कुणाकडनं काम करून घेतलासा?" बाकीचे हसले. अर्जदार हसला नाही.

१२. इतके सगळे अर्जदाराने गिळले असते. सहा अर्जांनंतर माणूस थकतो. पण आता या आकड्याने लहान मुलांची वाट अडवली आहे, म्हणून हा सातवा अर्ज.

१३. फाउंड्री गेल्यावर आमच्या मोल्डरांच्या घरातल्या बायका शिलाईच्या कारखान्यात लागल्या. सकाळी आठला बस, संध्याकाळी सातला परत. पोरे कोणाकडे ठेवायची? भीमाप्पा आता एका गोदामावर पहारेकरी आहे, त्याची बायको हयात नाही. त्याची सून रूपाली चार वर्षांच्या मुलीला, सुनयनाला, बाहेरून कडी लावून कामावर जात असे. फेब्रुवारीत एका दुपारी शेजारणीने खिडकीतून पाहिले, तर पोरगी स्टुलावर चढून गॅसची शेगडी पेटवत होती. शेजारणीने दार उघडून तिला खाली घेतले. रूपाली संध्याकाळी अर्जदाराच्या ओसरीवर येऊन बसली. "कडी लावून गेलतो, अण्णा. न लावावं तर रस्त्यावर जातीय, लावावं तर असं करतीय. मी काय करू सांगा," असे म्हणाली.

१४. पूर्णिमा शिशुशिक्षणाचा कोर्स केलेली आहे. तिने त्याच आठवड्यात ठरवले की रिकाम्या शेडमध्ये पाळणाघर काढायचे. जमीन खरवडून फरशी घातली. भिंतींना चुना दिला. चौदा माणसांनी खिडक्या बसवल्या. खंडेनवमीला ओतलेली जाळी पुढच्या फाटकाला लावली. सत्तावीस मुलांची नावे आली. दि. १ जून रोजी सुरू करायचे ठरले. परवाना शाखेचे निरीक्षक येऊन सगळे पाहून गेले, फरशीवर बसून चहा घेतला, जागा उत्तम आहे म्हणाले.

१५. आणि नकारपत्र आले. "सदर पत्त्यावर दरमहा एकतीस टन वितळलेले लोखंड हाताळणारा कारखाना कार्यरत असल्याने बालकांच्या जीवितास धोका संभवतो." अर्जदार ते पत्र घेऊन निरीक्षकांकडे गेला व विचारले की साहेब, आपण स्वतः आत बसून गेलात, भट्टी दिसली का? ते म्हणाले, "नजरेनं बघितल्यालं चालत न्हाय, अण्णा. रेकॉर्ड बघाय लागतंय." आपला कक्ष आकडा सुधारेपर्यंत परवाना नाही. सुनयना अजून कडीआडच आहे. तिच्या घरातली शेगडी मात्र खरी आहे.

१६. दि. २७ एप्रिल रोजी आपल्या सहायकांनी अर्जदाराला एक मार्ग सुचवला. ऑक्टोबर महिन्यांतल्या पाचही नोंदी खोट्या होत्या, असे अर्जदाराने लिहून द्यावे, मग युनिट २०२१ पासूनच बंद दाखवता येईल. कागदही तयार होता, सहीची जागा पेन्सिलने खुणावलेली होती. अर्जदाराने सही केलेली नाही. कारण अर्जदाराने लिहिलेल्या त्या पाचही नोंदी खऱ्या आहेत. खोटे एक हजार एकशे सत्तावन्न टन आपल्याकडे सुरक्षित राहणार आणि खरे पंचाण्णव किलो अर्जदाराने खोटे म्हणायचे? चौदा माणसांनी घरून आणलेले लोखंड, त्यांनी ओढलेला भाता, हे झालेच नाही असे म्हणायचे? शिवाय आपल्याच फॉर्मच्या तळाशी छापले आहे की खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. अर्जदार तो तळ दर महिन्याला वाचत आला आहे. आपल्या कक्षात तो कोणी वाचतो का, ही शंका आहे.

१७. सबब मागणी अशी. छप्पन्न महिन्यांपुढे शून्य लिहावे. पाच महिन्यांपुढे टन खोडून किलो लिहावेत. आणि तसे पत्र परवाना शाखेला दि. २५ मेच्या आत जावे. यांपैकी एकाही गोष्टीला वरून आदेश लागत नाही. खोडरबर लागतो.

१८. तसे न झाल्यास दि. १ जून रोजी सकाळी आठ वाजता फाटक उघडले जाईल आणि सत्तावीस मुले आत बसतील. परवाना नसल्याने जो गुन्हा होईल तो पूर्णिमाच्या नव्हे, अर्जदाराच्या नावावर नोंदवावा. शेड अर्जदाराचे आहे. त्या दिवशी आपण स्वतः येऊन मुलांच्या डोक्यावर एकतीस टन लोखंड कोठे ओतले जाते ते बोटाने दाखवावे. दाखवलेत तर अर्जदार आपल्या तयार कागदावर तेथेच सही करील.

१९. जून महिन्याचा फॉर्म नेहमीप्रमाणे पाच जुलैच्या आत येईल. उत्पादनाच्या रकान्यात शून्य असेल. कामावरील व्यक्तींच्या रकान्यात पूर्णिमा आणि रूपाली अशी दोन नावे असतील, कारण रूपालीने शिलाईची नोकरी सोडून पाळणाघरात यायचे ठरवले आहे. शेऱ्याच्या जागी मुलांची हजेरी लिहिली जाईल. ती रोज मोजलेली असेल, आणि त्या आकड्याला आपल्या कक्षाने हात लावू नये.

आपला आजवर नम्र राहिलेला,

(सही)
गुंडू मष्णू बस्तवाडकर
कंग्राळी, दि. १२ मे २०२६

सोबत :
१) एकसष्ट फॉर्मांच्या पोचपावत्या.
२) भट्टी भंगारात दिल्याची पावती, ऑगस्ट २०२१.
३) पाळणाघराच्या आतले फोटो, चार. एकात निरीक्षक चहा घेताना दिसतात.
४) सत्तावीस मुलांची यादी, वयासह. पहिले नाव सुनयना.
५) आपले अभिनंदनपत्र, मूळ प्रत. परत.