साठीची वाट पाहणारा बा

प्रिय बा,

आज एक जानेवारी. आधार कार्डाप्रमाणे आज तू साठ वर्षांचा झालास. बसच्या तिकिटात सूट, आदिलाबादच्या त्या खाजगी दवाखान्यात निम्म्या पैशांत छातीची तपासणी, सगळं तुला आजपासून मिळणार होतं. आणि तुला जाऊन आज सोळा दिवस झाले.

म्हणून लिहायला बसले. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी आहे, घरात कुणी नाही. दुपारच्या बसनं आई गावाहून इथं नेरडीगोंड्याला येते आहे, चार दिवस राहायला. तिला मला एक गोष्ट सांगायची आहे, जी तू हयातीत सांगू दिली नाहीस. तिच्याआधी तुझ्याशी बोलून घ्यावं म्हटलं.

तुला लोक चिकट म्हणायचे. मला राग यायचा. पाहुण्याच्या ताटात तू कधी हात आखडला नाहीस, माझ्या पुस्तकांना तर कधीच नाही. पण स्वतःवर पैसा घालायचा म्हटलं की तुझ्या जिवावर यायचं! गावच्या फाट्यावरून बस न धरता तू पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायचास, तिथून तिकीट कमी बसतं म्हणून. आई मात्र फाट्यावरच चढायची. तिला काय, आपल्याकडे सगळ्याच बायांना बस फुकट. मग पुढच्या थांब्यावर तू उन्हात उभा, आणि ती खिडकीतून हात काढून ओरडते आहे, "अवो, इकडं या! जागा धरून ठेवली हाये!"

कंडक्टरनं तिला शून्याचं तिकीट दिलं आणि तुझ्याकडून पूर्ण पैसे घेतले की तू तिला चिडवायचास. "तुही लय वट आहे बाप्पा सरकारात. आमाले कोन पुसते?"

ती म्हणायची, "म्हातारे व्हा, मंग तुमालेबी सूट देते सरकार."

"होतोच तं आहे! पन कागद म्हाताराच नाई होऊन राह्यला, त्याले मी काय करू?"

सगळी बस हसायची. मीही हसायचे बा, एकदा-दोनदा तर फार जोरात.

तो कागद कसा तरुण राहिला, हे तुला आणि मलाच ठाऊक. तेरा-चौदा वर्षांपूर्वी आधारचं शिबिर गावच्या शाळेत होतं. मी नुकती शिकून बाहेर पडले होते, गावात चार लोकांचे अर्ज लिहून देत मिरवत होते. मशीनवाल्यानं तेलुगूत वय विचारलं, "वयसु एंता?" तू माझ्याकडे पाहिलंस. तुला तुझं साल माहीत नव्हतं, पण मला अंदाज होता. शाळेत गेलेल्या धाकट्या काकाच्या दाखल्यावर जन्मसाल होतं, आणि तू त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, एवढं आजीनं शंभरदा सांगितलं होतं. बेरीज सोपी होती. त्रेपन्न.

पण ते माझ्या तोंडातून निघेना. समोर तू नवा सदरा घालून बसला होतास, केस पाण्यानं चापून बसवलेले. पन्नाशी ओलांडलेला बाप? माझा? मी म्हणाले, "सेहेचाळीस." तारीख त्यानं गावातल्या सगळ्यांना दिली तीच दिली, एक जानेवारी. बाहेर आल्यावर तुला सांगितलं तर तू केवढा लाजलास! "सात वर्सं कमी केली पोरीनं," म्हणत होतास, आणि गालातल्या गालात हसत होतास.

मी शिकलेली होते ना? मग कागदावरचं वय म्हणजे खेळ नव्हे, हे मला का कळू नये?

पुढं तोच बेल्लमपल्लीचा धाकटा काका, खाणीतून रिटायर झालेला, तुझ्याआधी कागदावर म्हातारा झाला. धाकटा भाऊ सवलतीचं तिकीट नाचवत गावी यायचा आणि थोरल्याला म्हणायचा, "पाय पड माह्या, मी मोठा आहो तुह्याहून." दुरुस्ती करू म्हटलं, तर आधारवाल्यांना जन्माचा पुरावा हवा. तू शाळेची पायरीही चढला नव्हतास, दाखला कुठून आणणार? आणि आदिलाबादला खेपा घालायच्या, त्याही पूर्ण तिकिटानं! तू म्हणालास, "जाऊ दे. कागद होईन हळूहळू म्हातारा."

मग दसऱ्याच्या सुट्टीत मी आले. कापसाचं गाठोडं घेऊन तू निघालास आणि शेताच्या धुऱ्यावर मधेच बसलास. तोंड पांढरं पडलं होतं. गावच्या डॉक्टरनं सांगितलं, आदिलाबादला नेऊन हृदय तपासून घ्या, उशीर करू नका. तिथं गेलो, तर दवाखान्याच्या दाराशी पाटी होती: साठ वर्षांवरील ज्येष्ठांना निम्मे दर, आधार कार्ड आणावे. तू ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतलीस आणि पायरीवरूनच परत फिरलास.

"पैसे मी देते, बा."

"तुह्ये पैसे का झाडाले लागते? तीन महिने तं राह्यले. जानेवारीत अर्ध्यात काम होते."

आणि मी काय केलं? "बरं," म्हणाले. तुला हाताला धरून आत ओढायला हवं होतं. तू चिडला असतास, चारचौघांत मला बोलला असतास, बोलू द्यायचं होतं! पण खरं सांगू? माझ्याही मनात आलंच की निम्मे वाचतील. मुलाची फी भरायची होती. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तीन महिने पुरे व्हायला पंधरवडा उरला होता. शेतात जायला म्हणून तू बाजेवर बसून चपला घालत होतास, आणि एकच चप्पल घातलीस.

पंचायतीत मृत्यूचा दाखला काढायला गेले तेव्हा मी वय सहासष्ट सांगितलं. कारकून म्हणाला, "मॅडम, आधार में जो है वोच लिखना पडता." एकोणसाठ लिहिलं त्यानं. जलदानाच्या विधीला आलेले लोक हळहळत होते, साठीही गाठली नाही बिचाऱ्यानं. मी त्यांना पाणी वाढत होते बा.

तुझ्यावर मी एका गोष्टीसाठी रागावले आहे. काका पहिल्यांदा ते सवलतीचं तिकीट घेऊन आला, त्या दिवशी त्यानं आईसमोर विचारलं, "कोन्या बयताडानं लिवलं हे साल?" मी सांगायला तोंड उघडलं, आणि तू घाईघाईनं मधे पडलास. "तो मशीनवाला होता ना, त्याले मराठी समजे नाई. त्यानंच घोळ घातला." माझ्याकडे पाहून मान हलवलीस, गप राहा म्हणून. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस! काऊन बोललास बा? तेव्हाच मला शिव्या खाऊ दिल्या असत्यास तर सगळं हसण्यावारी गेलं असतं. आता कसं हसतील?

कालच आईचा फोन आला. रडत म्हणाली, "त्या मशीनवाल्याचं वाटोळं होवो. त्यानं माह्या मानसाले खाल्लं." आणि मी "हो" म्हणाले. कुठल्या गावचा तो, दिवसभर लोकांची बोटं मशीनवर टेकवून दमलेला माणूस. मी सांगितलं तेच त्यानं लिहिलं. रात्रभर मला झोप लागली नाही.

तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला आहे. परवा म्हणाली, "थांब, मीबी साठची होऊ दे." तिचंही वय मीच कमी करून सांगितलं होतं बा. तिला मी थांबू देणार नाही. या सोमवारी मी तिला आदिलाबादला नेते आहे, लागतील तितके पूर्ण पैसे भरून. नाही म्हणाली तर दारातून उचलून आत नेईन.

पण त्याआधी आज तिला सगळं सांगणार. तू माझ्यावर घातलेलं पांघरूण मी काढते आहे, त्यासाठी मला माफ कर. ती रडेल, कदाचित पुन्हा माझ्या घरी येणारही नाही. चालेल. वचन देते बा, यापुढं तिनं शिवी दिली तर ती खऱ्या माणसालाच लागेल.

तुझी पोरगी,
सुनी