वीरण्णाच्या फोटोला हार

उदगीर,
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय वीरण्णा,

शरणु शरणार्थी. इकडं सगळं ठीक. तुझं ठीक चालल्याचं पेपरात येतंच, त्यामुळं विचारतो ते केवळ रीत म्हणून.

आपल्या मिशन शाळेला डिसेंबरात शंभर वर्षं होतायत. निजामाच्या राज्यात फादर लोकांनी पत्र्याखाली उघडलेल्या शाळेत आता लिफ्ट आहे आणि एक गौरव-भिंतही आहे. वर पितळी अक्षरांत 'राष्ट्र घडवणारे आमचे विद्यार्थी', खाली फोटो. एक जनरल, एक न्यायमूर्ती, एक राजदूत, आणि देशाचे उपग्रह वर सोडणारा तू. फोटोंखालचा मजकूर मी लिहिला. लिहिताना ध्यानात आलं, की तुमची कामं वेगवेगळी, पण उदगीर सगळ्यांनी सोडलेलं. इथं राहिलेल्यांकडं खुर्च्या मांडायचं खातं आहे.

तुझी अव्वा बरी आहे, शेजारीच असल्यानं रोज बघतो. पोटभर जेवते, दुपारची झोपते. पूर्वीपेक्षा बरीच म्हण.

माझीही एक बातमी. पुण्याच्या एका दैनिकानं मला बोलावलंय. इतकी वर्षं लातूरच्या पेपरात लोकांची टिंगल केली, ती आता पगार घेऊन पुण्यात करायची. बायको उज्ज्वला दसऱ्यालाच तिकडं लेकीकडं, अक्षराकडं गेली. मी जानेवारीत जायचं ठरलं होतं.

ठरलं होतं असं का म्हणतो, ते सांगायला मडिवाळप्पापासून सुरुवात करावी लागेल. आपल्या वर्गातला, आता फोटो-फ्रेमवाला. भिंतीचं काम त्याला दिलं. त्यानं प्रत्येक फोटोला चंदनाचा हार घातला आणि खाली लाल दिवा लावला. मी म्हटलं, "अरे, यातले काही जिवंत हायेत."

"निम्मे गेलेत की. त्यांना हार आन् जित्यांना न्हाई, तर जिते म्हणतील आमाला मान कमी दिला. भेदभाव नगं, गुरुबस."

फादर नवे आहेत, त्यांना शोभा आवडली.

आणि मी अव्वाला भिंत दाखवायला नेलं. तिच्या लेकाचा फोटो शाळेत लागलाय, म्हणून मीच रिक्षा आणली. ती तुझ्यासमोर उभी राहिली. हार पाहिला, दिवा पाहिला. पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "कवा?"

मी सांगितलं, जिवंत आहे, हा मान आहे. ती म्हणाली, "तुमी समदे माझ्यापून लपवून राहिलात." मी तिथंच तुला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तुझ्या ऑफिसातला कुणी मुलगा बोलला, "सर उपलब्ध नाहीत." अव्वानं मान हलवली. "बघ. दुसराच बोलून राहिला."

त्यानंतरही मी फोन लावत राहिलो. तू एकदा तरी उचलला असतास, तर हे पत्र वाचायची वेळ तुझ्यावर आली नसती. तू पाठवतोस ते पैसे सरकार मेलेल्याच्या आईला देतं, अशी तिची समजूत झालीय. तू सहा वर्षांत आला नाहीस, हा तिचा पुरावा. त्यापुढं माझी वकिली टिकली नाही.

मग तिनं तुझी शिवगणाराधना, गेलेल्या माणसामागं घालतात ते जेवण, करायची म्हटली. मठातून जंगम बोलावले. मी ईश्वरय्या स्वामींना बाजूला घेऊन म्हटलं, "अप्पा, वीरण्णा जिवंत आहे." ते म्हणाले, "ठावं हाय मला. म्हातारीला चार जंगम जेवू घालायचे हायेत, घालू द्या. आमच्या जेवणानं कुणी मरत न्हाई."

गव्हाची गोड हुग्गी चांगली झाली होती. पादपूजेला लेक पाहिजे, म्हणून विचारलं कोण बसणार. अव्वानं माझा हात धरला. "ह्यो हाय की."

मी बसलो, वीरण्णा. जंगमांचे पाय धुतले. चेष्टा करायला एक शब्द सुचला नाही, हे माझ्या वाचकांना सांगू नकोस.

तेव्हापासून ती ओट्यावर बसून स्टेशनाकडनं येणाऱ्या रिक्षा बघत नाही. मला 'तम्मा' म्हणते, तुला म्हणायची तसं. मी घरात दिसलो नाही की दारात येऊन उभी राहते. पुण्याचं सांगितलं, तर म्हणाली, "एक गेला. आता तू बी?" मी म्हटलं, कुठं जात नाही, अव्वा. दैनिकाला अजून उत्तर दिलेलं नाही.

म्हणून लिहितोय. समारंभाला आला नाहीस तरी चालेल, तुझ्या जागी फोटो आहेच. पण तुझ्याकडनं येणारी यशवंतपूरची गाडी अजून उदगीरला थांबते. सकाळी उतर, शाल-श्रीफळवाल्यांना कळवू नकोस, सरळ घरी ये. ती घाबरेल, कदाचित तुला मारेल. मार खा. नंतर ती कुणाला तम्मा म्हणते ते बघू. तुला म्हणाली तर मी सुटलो. मला सुटायचंय, आणि हे तिच्या शेजारी बसून लिहायला मला बरं वाटत नाही.

आत्ताच विचारलं तिनं, "कुणाला लिहून राहिलास, तम्मा?"

शाळेला, म्हटलं.

तुझ्या जागी बसलेला,
गुरुबसप्पा