दुःखी प्रेक्षकाचा फोन

॥ श्री ॥
यान्बू, ६ डिसेंबर २००३

ती. सौ. ताईस,
सुमीतचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे खुशाल आहोत. आम्ही राहतो त्या कंपाउंडातला फोन हॉलमध्ये आहे आणि मी बोलायला लागलो की दाजी हमखास शेजारी येऊन उभे राहतात. बोलायचंय दाजींबद्दलच, म्हणून हा कागद.

ताई, तुझ्या नवऱ्याने फुटबॉलचं पार वाटोळं केलंय. इथल्या टेक्निकल कॉलेजात वेल्डिंग शिकवायला आले, तेवढंच शिकवत बसले असते तर काय बिघडलं असतं? पण मुलाखतीत मुदीरने, म्हणजे कॉलेजच्या प्रमुखाने, खेळाचं विचारलं. दाजी छाती पुढे काढून म्हणाले, मी कॉलेज टीमचा कॅप्टन होतो. कसली टीम ते सांगायचं राहिलं. सांगलीत ती खो-खोची असते, या देशात टीम म्हणजे फुटबॉलचीच. झालं, दाजी कोच!

परवा बंदराच्या संघाने आम्हांला आठ गोल मारले. पोरं सौदी, येमेनी, सुदानी. चालायला लागल्यापासून फुटबॉल खेळणारी. पण दाजींनी बजावलंय की एकदा धरलेली दिशा बदलायची नाही. आमचा पुढचा गडी चेंडू मागे राहिला तरी नाकासमोर धावत गेला, गोलच्या खांबाला हात लावला आणि मगच वळला. दुसऱ्याने पायातला चेंडू तसाच सोडला, साथीदाराच्या पाठीवर थाप मारली आणि स्वतः उकिडवा बसला. पोरांना वाटतं ही ब्राझीलची नवी पद्धत आहे.

हरलो ते एक वेळ सोसेन गं. पण शुक्रवारी संध्याकाळी कंपाउंडच्या रेडिओवर दाजींचा अर्धा तास हिंदी कार्यक्रम असतो, तो सोसवत नाही. काल म्हणाले, पोरांनी मनं जिंकली, वारा समुद्राकडून होता, आणि समोरचा संघ गरजेपेक्षा जास्त पळत होता. श्रोत्यांना फोन करायची मुभा आहे. मी रिसीव्हरवर रुमाल धरून ‘एक दुःखी प्रेक्षक’ म्हणून दर शुक्रवारी त्यांना झोडतो. मी सुरुवात केली की मेसमधल्या पांडूपासून सगळ्यांना चेव येतो. येत्या शुक्रवारी सरळ राजीनामाच मागणार आहे.

अवनीला गोड पापा. कळावे, लोभ आहेच, तो दाजींच्या बचावफळीसारखा मधेच उठून जाऊ नये.

तुझा,
सुमीत

~

॥ श्री ॥
ओलाया, रियाध, १५ डिसेंबर २००३

चि. सुमीत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

राजीनामा मागतोस? मेल्या, बहिणीच्या संसारावर उठलास की काय! रुमाल तोंडात कोंब आणि गप्प बस.

तुला यांनी सांगितलेलं दिसत नाही. वेल्डिंगच्या मास्तराला बॅचलर खोली मिळते. कोचला फॅमिली व्हिला मिळतो, तोही मुदीरसाहेबांची खात्री पटली तर. निर्णय फेब्रुवारीत आहे. इथला फ्लॅट मार्चअखेर सोडायचाय, घरमालकाने दोनदा बजावलं. व्हिला नाही मिळाला तर मी आणि अवनी सामान बांधून सांगलीला, आणि हे वर्षातून एकदा पाहुण्यासारखे येणार. हे तिकडे गेल्यापासून आठ महिने एकटी राहतेय. बाजारात जायचं तरी कुणाच्या तरी गाडीची वाट बघायची. अवनी रोज मला इंग्रजीत विचारते की बाबा आपल्यात राहतात की नाही. काय उत्तर देऊ? परवा मी मोरीत जाऊन रडले.

तेव्हा येत्या शुक्रवारपासून तू आनंदी प्रेक्षक. तोंड भरून कौतुक कर, आणि त्या पांडूलाही सांग. माझी शपथ आहे.

चकल्या पाठवल्यात, त्यांना अर्ध्या दे. माया आहे म्हणून रागावते, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
ताई

~

॥ श्री ॥
यान्बू, ३ जानेवारी २००४

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

शपथ पाळतोय. पण माझी काय दशा झालीय ती वाच.

गेल्या आठवड्यात आमच्या गोलकीपरने पकडलेला चेंडू खाली ठेवला, शेजारच्याच्या पाठीवर थाप मारली आणि गोल सोडून पळत सुटला. समोरच्यांना आधी हसू आवरेना, मग त्यांनी चालत येऊन गोल केला. आणि मी रेडिओवर फोन करून म्हणालो की गोलकीपरचं धाडस वाखाणण्याजोगं होतं! बोलताना जीभ झडली नाही हेच नवल. दाजी खुशीत म्हणाले की हे त्यांचं गुप्त अस्त्र आहे. पांडूने दोन दिवस मला भाजी वाढली नाही.

तुझ्यासाठी आणि अवनीसाठी हेही करतो. आठवण ठेव, म्हणजे झालं.

तुझा,
सुमीत

~

यान्बू, १७ जानेवारी २००४

प्रिय अनुराधा,

तुझं पत्र पोचलं. अवनीने काढलेलं घराचं चित्र कपाटावर चिकटवलंय. त्यात मी दारात उभा आहे आणि माझे हात दारापेक्षा मोठे आहेत.

एक काळजी लागलीय. व्हिला हातचा जातो की काय असं वाटतं. सामन्यांमुळे नव्हे, मुदीरसाहेब सामन्यांना येतच नाहीत. ते शुक्रवारी रेडिओच्या खोलीत येऊन बसतात. हिंदीचा एक शब्द कळत नाही, पण फोनच्या पेटीवरचे चार दिवे बघत राहतात. पूर्वी एक इरसाल दुःखी प्रेक्षक फोन करायचा, मला यथेच्छ झोडायचा, आणि पाठोपाठ चारही दिवे अर्धा तास लुकलुकायचे. साहेब खूष होऊन माझ्या पाठीवर थाप मारायचे. महिनाभर तो माणूस गोड बोलतो, आणि गोड ऐकायला कोण फोन करणार? काल त्याच्यानंतर एकच दिवा लागला, तोही राँग नंबर. साहेबांनी विचारलं की लोकांना माझा कंटाळा आला का. व्हिला पोहण्याच्या मास्तराला द्यायचं त्यांच्या मनात आहे.

तो दुःखी प्रेक्षक कोण, देव जाणे. पुन्हा दुःखी होईल तर बरं. सुमीत भेटतो, हल्ली फार वाळलाय.

अवनीला आशीर्वाद. तुम्हा दोघींशिवाय इथे जेवण गोड लागत नाही.

तुझा,
जगदीश

~

रियाध, २४ जानेवारी २००४

चि. सुमीत यास आशीर्वाद.

शपथ सुटली. चांगला झोड. रुमाल, राजीनामा, काय लागेल ते काढ आणि एक शब्द गिळू नकोस. कारण भेटीत सांगेन.

घाईत,
ताई

~

॥ श्री ॥
यान्बू, २१ फेब्रुवारी २००४

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

ताई, तू थोर आहेस! कारण माहीत नाही, पण महिन्याभराचं तुंबलेलं एका शुक्रवारी बाहेर काढलं. माझ्यामागे पांडू, त्यामागे अख्खी मेस, मग प्लांटमधले दोन इंजिनियर. कार्यक्रम वीस मिनिटं वाढवावा लागला. पुढचे दोन शुक्रवारही तेच. आणि बघ तर, काल दाजींच्या हातात व्हिलाची किल्ली! हे कसं झालं ते मला उमगत नाही. शिव्या खाणाऱ्याला बंगला?

माझी मात्र कंपनीने अल खफजीला बदली केलीय. तुम्ही येण्याआधीच जावं लागणार, याचं वाईट वाटतं. मैदानाकडे मात्र तू न बघितलेलंच बरं.

तुझा,
सुमीत

~

॥ श्री ॥
यान्बू, २४ एप्रिल २००४

चि. सुमीत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही येऊन तीन आठवडे झाले. घर ऐसपैस आहे. अवनी संध्याकाळी बाबांच्या पाठीवर बसून घरभर फिरते. रात्री तिघांची ताटं मांडताना मला उगाच भरून येतं. स्वयंपाकघराची खिडकी थेट मैदानावर उघडते.

सुमीत, मी सामना पाहिला. बाळा, मला माफ कर, तू फारच सौम्य बोलत होतास. मी पोळ्या लाटत होते. आपला एक गडी धावत आला, गोलच्या खांबाला शिवला आणि वळून सरळ आपल्याच गोलकडे निघाला, कारण दिशा बदलायची नाही! बाकीचे एकाआड एक तोंडं फिरवून बसलेले. पोळी जळली. मी खिडकीतून ओरडले, ते शेजारच्या मल्याळी बाईंनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी हे रेडिओवर सांगायला लागले की पोरांची शिस्त बघून डोळे पाणावले. मला राहवेना. उठले, फोन फिरवला आणि सगळं ऐकवलं. रुमालबिमाल काही नाही. यांनी आवाज पहिल्याच शब्दाला ओळखला असणार. श्रोत्यांना म्हणाले की बहेनजींना फुटबॉलमधलं फारसं कळत नाही.

घरी आले तेव्हा मी चूल पेटवावी तशी पेटलेली होते. हे शांतपणे जेवले, वर भात मागून घेतला. मग म्हणाले, रेडिओवर बाईचा आवाज पहिल्यांदाच आला म्हणून चारही दिवे कार्यक्रम संपल्यावरही विझेनात, आणि मुदीरसाहेबांनी करार तीन वर्षांनी वाढवला. आणखी म्हणाले, सुमीतचाही आवाज मी पहिल्याच शुक्रवारी ओळखला होता, सांगलीची हिंदी रुमालाने झाकली जात नाही. म्हणून तर जानेवारीत तुला ते दिव्यांचं पत्र लिहिलं. मग अवनीला उचलून झोपवायला नेताना दारातून सांगून गेले की पुढच्या शुक्रवारी जरा जास्त तिखट बोल.

तीन वर्षं आम्ही एकत्र राहणार, सुमीत. तिखटाची चिंता नको, खिडकी आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस. ताईवरचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझी,
ताई