पुराव्याशिवाय विशेषण नाही

तीर्थरूप मावशीस लाडक्या भाच्याचा (लाडका हे मी गृहीत धरलं आहे) साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? काका अजून रेडिओशी भांडतात का? मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, पण खरं सांगायचं तर माझं लग्न जमता जमता बोंबललं.

आमच्या कोशाच्या कचेरीत लॅटिन आणि तिच्या लेकी, म्हणजे फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश वगैरे, यांचे शब्द जमवतात हे तुला ठाऊकच आहे. या लेकींचं सगळं आपल्या घरातल्यासारखंच. आईकडून वारशाने आलेला शब्द वापरून वापरून पार झिजवायचा आणि मग तोच कोरा करकरीत पुन्हा आईकडे उसना मागायला जायचं. फ्रेंचकडे 'नाजूक'साठी चांगला 'फ्रेल' होता, तरी बाईंनी लॅटिनच्या कपाटातून 'फ्राजील' उचललाच. असल्या उसनवाऱ्या मी बघतो. विशेषणं आमचे साहेब बघतात, आणि तीन लेखी पुरावे मिळाल्याशिवाय एकही विशेषण कोशात घेत नाहीत. (त्यापायी 'सुंदर' दोन महिने दारात ताटकळला होता.)

तर साहेबांनी मला घरी चहाला बोलावलं. त्यांची मुलगी दातांची डॉक्टर. दवाखान्यातून दमून आली होती, तरी माझ्याशी हसून, मोकळेपणाने बोलत बसली. मावशी, मला ती इतकी आवडली की कपातला चहा गार झाला तरी कळलं नाही. तेवढ्यात साहेबांनी तिच्यादेखतच विचारलं, "कशी वाटली आमची मुलगी?" आणि मेली कचेरीची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून पुरावे नाहीत, साहेब." साहेब खूश! (पाठ थोपटली, बढतीचंही बोलले.) मुलगी मात्र उठली. "यांच्यासाठी माझ्याकडे एक विशेषण आहे," म्हणाली, "आणि पुरावा समोर बसलाय." कुठलं विशेषण ते सांगितलं नाही. मला साधारण अंदाज आहे.

काकांना नमस्कार. बाकी सगळं ठीक, म्हणजे काहीच ठीक नाही.

तुझा भाचा

ता. क. तिचा दवाखाना तुझ्याच गल्लीच्या तोंडाशी आहे. एखादी दाढ दाखवायला म्हणून जा आणि भाचा मनाने वाईट नाही एवढं तिच्या कानावर घाल. दाढ दुखत नसली तरी जा. मात्र ती तोंड उघडायला सांगेल त्याआधी बोलून घे.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं तेवढ्यात मी स्वतःच जाऊन आलो. माफी मागायची होती, पण तिने आधी भूल दिली. अक्कलदाढ गेली, माफी तोंडातच राहिली. निघताना म्हणाली, दुसऱ्या बाजूचीही काढावी लागेल, गुरुवारी या. म्हणताना किंचित हसली. तेव्हा मावशी, तू तूर्त जाऊ नकोस. माझे अजून बरेच दात शिल्लक आहेत.