साठ अंशाचं बोट

भाट्ये, रत्नागिरी
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय काशीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. हे बोटीवर गेलेत, दिशाचं अकरावीचं कॉलेज चालू आहे आणि कलमांना यंदा मोहोर बरा आहे. फोनवर तू "बरी आहेस ना गो?" विचारतेस आणि मी हो म्हणेपर्यंत ठेवून देतेस, म्हणून या वेळी पत्र.

बातमी अशी की मी दहावीला बसतेय. सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. एक्केचाळिसाव्या वर्षी हे काय डोहाळे, असं इथे सगळ्यांनी म्हणून झालंय, तेव्हा तू दुसरं काहीतरी म्हण.

इतिहास, मराठी जमतंय. अडलं ते त्रिकोणमितीत. कॅल्क्युलेटर नेऊ देत नाहीत, आणि पाठ केलेलं कोष्टक आमटीला फोडणी देईपर्यंत विसरायला होतं. शेवटी दिशाने हातावरची युक्ती शिकवली. तू गणिताची बाई, तुला माहीत असणार, पण मला सांगायची हौस आहे. डावा पंजा उघडायचा. करंगळी शून्य अंश, मग तीस, मग पंचेचाळीस, तर्जनी साठ आणि अंगठा नव्वद. हवं ते बोट दुमडायचं. साइन हवा तर त्याच्या करंगळीकडची बोटं मोजायची, कोसाइन हवा तर अंगठ्याकडची. येतील त्यांचं वर्गमूळ, भागिले दोन. संपलं.

मी ऐटीत गणितं सोडवली. दिशाने तपासली, तर साइन नव्वदचं उत्तर वर्गमूळ तीन भागिले दोन. एक यायला हवं होतं. पण अंगठा दुमडला तर माझी तीनच बोटं भरतात ना! ती आधी वैतागली, मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "आई गो, तुझ्या हाताला साठ अंशच नाहीत."

आम्ही इतक्या हसलो की शेजारच्या गंगुबाई बघायला आल्या.

तू असतीस तर हसली नसतीस. उठून आत गेली असतीस.

काशी, आता लिहूनच टाकते. कोयती मारलीस तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. शहाळं मी धरलं होतं आणि "मार" असं मीच म्हणाले होते. शाळा त्या बोटापायी सुटली नाही. नववीत गणितात नापास झाले आणि पुन्हा त्याच वर्गात बसायला नको म्हणून मीच हटून बसले. तू मात्र सगळं स्वतःवर घेतलंस. गणपतीत सकाळी येतेस, संध्याकाळच्या गाडीने जातेस, आणि चहा घेताना माझ्या हाताकडे बघत नाहीस. मला बोटाचं कधी वाईट वाटलं नाही ग. तुझं वाटतं.

दिशा म्हणाली उजव्या हातावर मोज, पण त्यात पेन असतं. मग ठरवलं, नसलेलं बोट आहे असं धरून मोजायचं. तशी मला सवय आहेच. सणाच्या रात्री भात लावताना तुझं माप मी धरतेच, तू राहणार नाहीस हे माहीत असून.

आता साइन चुकत नाही. कोसाइनला अजून बाजू उलटी होते, आणि दिशाचा धीर संपलाय. भूमितीचा पेपर मार्चमध्ये आहे. तू चार दिवस आधी ये आणि राहा. समोर बस, माझा डावा हात हातात घे आणि शिकव.

तुझ्यावर कधीच न रागावलेली,
मथुराताई