बंद दाराखालचं झाकण

अहो,

मी गंधालीले घेऊन पंडरीले ताईकडे चालली. आज तिथंच राहीन. तुमचा वरण-भात ओट्यावर झाकून आहे. भुरीचा दूधभात मात्र आईंच्या खोलीत ठेवा, ते मांजर आता बाहेर यायले तयार नाही.

कुलूप मीच काढलं. रागावू नका, काय झालं ते ऐका. आई गेल्यापासून भुरी त्या दाराशीच बसून राहते, तुम्हाले ठाऊक आहे. आज दुपारी तिनं खेळता खेळता बाटलीचं झाकण दाराखालून आत सरकवलं, तं ते परत आलं. पुन्हा सरकवलं, पुन्हा आलं. मले वाटलं हवेनं येत असन. मी सरकवून पाहिलं, तं नाही आलं. मग भुरी दाराले नखं मारू लागली, तसं मी कुलूप काढलं.

आत कोणी नव्हतं. खिडकीही बंद. भुरी उडी मारून पलंगावर गेली आणि पोट वर करून घुरघुरू लागली. पोटाले तं ती आईंशिवाय कोणालेच हात लावू देत नव्हती न! आपली गंधाली हसून म्हणे, "मम्मी, दादी उसको गुदगुदी कर रही है."

सायंकाळी ते मंत्रालयातले बाबू खोली पाहायले येणार होते. आपलं शहर राजधानी झाल्यापासून भाडं चांगलं येते, तुमचंही बरोबर आहे. पण मी त्यांले फोन करून सांगितलं, "भैया, कमरा खाली नहीं है."

– पूर्णिमा